ड्रायझेचं नीडल-फायर रिव्हॉल्व्हर घेताना आधी सुई बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त तुम्ही जर्मनीत येना इथे राहता, जुन्या शस्त्रांची आवड आहे, आणि एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘एफ. व्ही. ड्रायझे, झ्योमर्डा’ अशी अक्षरं असलेलं सहा बारांचं नीडल-फायर, म्हणजे काडतूस सुईने पेटवणारं, रिव्हॉल्व्हर तुम्हाला दिसलं आहे. वर्णनात ‘यंत्रणा चालू’ असं लिहिलंय. ते घ्यावं का, अस्सल कसं ओळखायचं, एखादा बार काढून बघता येईल का, पुढे पुण्याला वडिलांच्या घरी शोकेसमध्ये ठेवता येईल का, आणि संग्रहाची सुरुवात पिस्तुलाने करावी की रिव्हॉल्व्हरने, हे तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तरं देतो. घ्यायला हरकत नाही, पण हातात घेऊन पाहिल्याशिवाय नाही. बार काढायचा विचार सोडून द्या. पुण्याला नेण्याचा तर आत्ताच सोडा, त्याची कारणं खाली येतील. आणि ‘यंत्रणा चालू’ या दोन शब्दांवर एक युरोही जास्त लावू नका. चाप ओढल्यावर सिलिंडर फिरतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो, एवढाच त्या शब्दांचा अर्थ असतो. आत सुई आहे की नाही, असली तर मूळची आहे की कुणी परवा बसवली, हे त्यातून कळत नाही. या शस्त्रांमध्ये सगळी किंमत त्या आतल्या भागाचीच आहे.

आता हे असं का, ते समजून घेऊ. ठासणीची बंदूक आपल्याकडे कोकणात अनेकांनी पाहिलेली असते. नळीच्या तोंडातून दारू, वर गोळी, सगळं गजाने ठासायचं आणि मागे निपल नावाच्या छोट्या पोकळ टोकावर स्फोटक मसाल्याची तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते आणि ठिणगी आत दारूला भिडते. योहान निकोलाउस ड्रायझे याने ही टोपी बाहेरून काढून थेट काडतुसाच्या पोटात घातली. कागदाच्या नळकांड्यात मागे दारू, पुढे शिशाची गोळी, आणि गोळीच्या बुडाला धरून ठेवणारी दाबलेल्या कागदाची खोलगट वाटी. स्फोटक मसाल्याची बारीक टिकली या वाटीच्या मागच्या अंगाला. चाप ओढला की लांब, बारीक पोलादी सुई काडतुसाच्या मागच्या कागदातून घुसते, सगळी दारू पार करून टिकलीवर आदळते. म्हणजे दारू पुढून पेटते आणि तो सगळा जाळ होत असताना सुई त्याच्या मधोमध उभी असते. या पद्धतीचं बळही यात आहे आणि दुखणंही यातच.

ड्रायझे १७८७ साली झ्योमर्डा या थुरिंगियातल्या गावात जन्मला, कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १८०९ ते १८१४ ही वर्षं त्याने पॅरिसमध्ये झां सॅम्युएल पॉली या स्विस बंदूककाराच्या कारखान्यात काढली. मागून भरायची बंदूक आणि सबंध काडतूस या दोन्हींवर त्या काळी पॉलीइतकं काम क्वचितच कुणी केलं होतं. गावी परतल्यावर ड्रायझेने लोखंडी सामानाचा आणि नंतर बंदुकीच्या टोप्यांचा कारखाना काढला. त्याची पहिली सुईची बंदूक १८२७ ची, पण तीही तोंडाकडूनच भरायची होती. मागून बोल्टने, म्हणजे सरकत्या दांड्याने, उघडणारी रचना १८३६ ला आली. प्रशियाने १८४० मध्ये ६०,००० बंदुकांची मागणी नोंदवली आणि गुपित राखण्यासाठी तिला ‘हलकी पर्कशन बंदूक एम/४१’ असं साधं नाव दिलं. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभं राहून ठासणीच्या लोरेन्झ रायफली भरत होते आणि प्रशियाचे सैनिक आडवे पडून भरत होते. त्या दिवसापासून ड्रायझे हे नाव युरोपभर झालं. आज लिलावात या नावाला जी बोली लागते, तिच्यातला मोठा वाटा या बंदुकीच्या कीर्तीचा आहे. पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं त्या कीर्तीच्या सावलीत विकली जातात, हे ध्यानात ठेवा.

कारण लढाईच्या इतिहासात या हातशस्त्रांची जागा फार लहान आहे. पायदळाला सुईची बंदूक देणाऱ्या प्रशियाने घोडदळाच्या हाती मात्र १८५० च्या नमुन्याचं साधं टोपीचं, ठासणीचं पिस्तूल ठेवलं. त्याची जागा घ्यायला १८७९ चं राइशरिव्हॉल्व्हर, म्हणजे जर्मन साम्राज्याचं लष्करी रिव्हॉल्व्हर, यावं लागलं, आणि तेही धातूच्या काडतुसाचं. सुईचं रिव्हॉल्व्हर ही मुळात बाजारात विकायची वस्तू होती. अधिकारी, जमीनदार, प्रवासी स्वतःच्या पैशाने ते घेत. म्हणून त्यावर लष्करी बंदुकांसारखे राजमुद्रेचे शिक्के, रेजिमेंटचे आकडे सापडण्याची अपेक्षा धरू नका. ‘क्योनिगग्रेट्झला अमुक कॅप्टनच्या कमरेला होतं’ अशी कथा विक्रेता सांगू लागला, तर त्या काळचा लेखी पुरावा मागा. पुरावा नसेल तर कथा बाजूला ठेवून फक्त लोखंडाची किंमत करा.

या रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना ड्रायझे घराण्याची नाही. गेओर्ग लेओपोल्ड लुडविग कुफाल याने १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. तिथे तिला बाजार मिळाला नाही, आणि पुढे हीच रचना झ्योमर्डाच्या कारखान्यातून बाहेर पडली. जुने संग्राहक आजही ‘कुफाल-ड्रायझे’ असंच म्हणतात. नळीचा व्यास साधारण ०.३० ते ०.३५ इंच. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की मागे वर आलेला घोडा नाही. सिलिंडरच्या मागे चौकटीचा बंद, भरीव दिसणारा भाग आहे आणि सुई, तिची स्प्रिंग, तिचं घर सगळं त्याच्या आत. चाप ओढताना स्प्रिंग दाबली जाते, सिलिंडर एक घर पुढे सरकतो, आणि ओढ पूर्ण होताना सुई सुटते. काडतुसं सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून भरायची. मागच्या बाजूला निपल नाहीत, तिथे प्रत्येक घरामागे सुई आत जाईल एवढंच बारीक भोक आहे.

तपासणीची सुरुवात मी नेहमी त्या सहा भोकांपासून करतो. मी मूळचा टूलरूममधला माणूस आहे, भोक गोल आहे की नाही हे बघण्यात आयुष्य गेलंय. सिलिंडर काढून मागचं तोंड तिरप्या उजेडात धरा आणि दहापटीची लूप (छोटं भिंग) डोळ्याला लावा. फारसं न वापरलेल्या शस्त्रात भोकाची कड स्वच्छ, गोल आणि सहाही ठिकाणी सारख्या मापाची असते. खूप बार निघाले असतील तर प्रत्येक बाराला थोडा गरम वायू त्या भोकातून मागे शिरलेला असतो. मग कड झिजते आणि भोक फनेलसारखं पसरतं. सहा भोकं सारखी झिजली असतील तर मला त्याचं वाईट वाटत नाही, शस्त्राने काम केलंय एवढाच त्याचा अर्थ. एकच भोक वेगळं, चकचकीत किंवा नव्याने बुश (धातूची छोटी कडी) घालून भरलेलं दिसलं, की थांबायचं आणि विचारायचं. मग भोकांच्या आजूबाजूला बघा. तिथे कमानीसारखे ओरखडे असतील तर सुई पूर्ण मागे न येता सिलिंडर जोराने फिरवला गेलाय. सुई वाकडी असते, भोकात अडकते, आणि कुणीतरी अडलेला सिलिंडर मनगटाच्या जोरावर फिरवतो. सुई तरी तुटते, नाहीतर सिलिंडरच्या पाठीवर तिचा माग राहतो. विक्रेत्याने पुढे नवी सुई बसवली तरी तो माग पुसता येत नाही, पॉलिश केलं तर पॉलिशच दिसतं.

त्यानंतर सुई. मागचा भाग खोलून ती बाहेर काढायला लिलावघराच्या माणसाला सांगा, स्वतः हात घालू नका. अस्सल जुन्या सुईचा रंग काळपट करडा असतो, टोकाकडे खड्डे पडलेले असतात, आणि जाळात राहिल्यामुळे पुढचा भाग मागच्यापेक्षा बारीक झालेला असतो. शोरूममधून आल्यासारखी सरळ, चकाकणारी, एकसारख्या जाडीची तार दिसली तर ती अलीकडची पियानो वायर समजा. बदललेली सुई हा गुन्हा नाही. सुई झिजणारच हे त्या काळीही माहीत होतं. पायदळाच्या सैनिकाजवळ जादा सुया असत आणि बंदूक न खोलता तो सुई बदलू शके. पण बदललेली असेल तर विक्रेत्याने तसं लिहायला हवं आणि भावात ते दिसायला हवं. सुईपेक्षा सुई धरणारा मागचा भाग महत्त्वाचा. तो पुन्हा बनवणं अवघड आणि महाग, म्हणून तो मूळचाच आहे ना हे आकड्यांवरून बघा. चौकट, सिलिंडर, नळी आणि आतल्या भागांवर क्रमांक असतील तर ते एकमेकांशी जुळावेत. शिवाय त्यांच्या अक्षरांचं वळणही जुळावं. एकाच ठशांनी एकाच हाताने मारलेले आकडे डोळ्यांना लगेच ओळखू येतात. सात किंवा चारच्या आकड्यात फरक दिसला की दोन मोडक्या शस्त्रांचं एक केलेलं असण्याची शक्यता धरायची.

चौकटीच्या वरच्या पट्टीवरच्या नावातून एक चांगला धागा मिळतो. निकोलाउस ड्रायझेला १८६४ मध्ये सरदारकी मिळाली आणि घराण्याच्या नावात ‘फॉन’ आलं. तुमच्या कॅटलॉगमधल्या नावात ‘एफ. व्ही.’ आहे, म्हणजे हे मुलाचं, फ्रान्झ फॉन ड्रायझेचं नाव, आणि ते रिव्हॉल्व्हर १८६४ च्या आधीचं नसणार. कॅटलॉगमध्ये ‘सुमारे १८५५’ असं छापलं असेल तर वर्णन लिहिणाऱ्याने नीट पाहिलेलं नाही. बाकीचं वर्णनही मग त्याच हिशेबाने वाचा. शिक्के बघतानाही काळाचं भान ठेवा. जर्मनीत बंदुका तपासण्याचा देशव्यापी कायदा १८९१ चा, तो लागू झाला १८९३ ला. तेव्हा दुकानांत पडून असलेल्या जुन्या मालावर मुकुटाखाली ‘व्ही’ असा साठ्याचा शिक्का मारला गेला. १८६० च्या दशकातल्या रिव्हॉल्व्हरवर तो दिसला, तर ते पंचवीसेक वर्षं न विकता किंवा परत विक्रीला येऊन पडून होतं असा अर्थ निघतो, आणि मला अशी शस्त्रं आवडतात कारण ती कमी वापरलेली असतात. लंबगोलात ‘ईएलजी’ अक्षरं असतील तर ते बेल्जियममधल्या लिएजच्या तपासणीतून गेलेलं आहे. मग ‘झ्योमर्डाचं अस्सल’ या दाव्याला वेगळं कारण द्यावं लागेल. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर शिक्का १८९३ नंतरचा.

नावाचा घोटाळा आणखी दोन ठिकाणी होतो आणि तो महागात पडतो, म्हणून इथे जरा थांबतो. झ्योमर्डाच्याच कारखान्याने पुढे धातूच्या काडतुसाची राइशरिव्हॉल्व्हरंही बनवली, त्यांवरही ड्रायझेचं नाव सापडतं. आणि १९०१ मध्ये ऱ्हाइनमेटालने हा कारखाना विकत घेतल्यानंतर लुई श्मायसरने आखलेलं ७.६५ मिलिमीटरचं १९०७ चं स्वयंचलित पिस्तूल ‘ड्रायझे’ याच नावाने बाजारात आलं. ते हजारोंनी बनलं, म्हणून जुन्या बाजारात ‘ड्रायझे पिस्तूल’ म्हणून बहुतेकदा तेच पुढे येतं. सुईशी त्याचा काही संबंध नाही, आणि जर्मन कायद्यात ते सरळ परवान्याचं शस्त्र आहे. परवान्याशिवाय ते घरात सापडलं तर फौजदारी प्रकरण होतं. तसंच लेफोशे पद्धतीचं पिनफायर रिव्हॉल्व्हर. त्याच्या काडतुसाच्या कडेतून खिळ्यासारखी पिन बाहेर येते, आणि न कळणारे विक्रेते तिला ‘सुई’ म्हणतात. सिलिंडरच्या मागच्या कडेला पिनसाठी खाचा दिसल्या की ते पिनफायर. जर्मन कॅटलॉगमध्ये तुम्ही ‘त्सुंडनाडेल’ (पेटवणारी सुई) या शब्दावर शोध घ्या, ‘ड्रायझे’ या नावावर नको.

कायद्याचं बोलणं निघालंच आहे तर ते पुरं करतो. जर्मन शस्त्र कायद्याच्या परिशिष्टात परवान्याशिवाय घेता आणि ठेवता येणाऱ्या शस्त्रांची यादी आहे, अट अठरा वर्षं पूर्ण असण्याची. टोपीच्या शस्त्रांसाठी तिथे तीन गोष्टी लागतात: नळी एकच, बार एकच, आणि नमुना १ जानेवारी १८७१ पूर्वीचा. म्हणून सहा बारांचं टोपीचं कोल्ट रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असलं तरी त्या सवलतीत बसत नाही. नीडल-फायरसाठी मात्र एवढंच म्हटलंय की नमुना १ जानेवारी १८७१ पूर्वी तयार झालेला असावा. बारांच्या संख्येची अट नाही. म्हणून तुमचं सहा बारांचं ड्रायझे तुम्ही परवान्याशिवाय घेऊ शकता. जर्मनीत राहणाऱ्या नव्या संग्राहकाला रिव्हॉल्व्हर हवंच असेल तर ही वाट खुली आहे, आणि या शस्त्रांना इथे सतत मागणी राहण्याचं ते एक कारण आहे. पण ठेवण्याची मोकळीक म्हणजे सोबत घेऊन फिरण्याची मोकळीक नाही. घरी आणताना रिकामं, कुलूपबंद पेटीत आणा. काळी दारू घ्यायला आणि ठेवायला स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. जुनं भरलेलं काडतूस हेही शस्त्राबरोबर आपोआप मोकळं होत नाही.

इतर देशांचे हिशेब वेगळे आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९०० ही नमुन्याची सीमारेषा आहे, अमेरिकेत १८९८ पर्यंत बनवलेलं ते अँटिक, स्वित्झर्लंडमध्ये १८७० पूर्वी बनवलेलं. तिथून विकत घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंचे नियम आणि वाहतुकीच्या अटी आधी लेखी विचारून घ्या.

आता पुणे. भारतात ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून चालतं’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण तिला अट जोडलेली आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. तुमचं रिव्हॉल्व्हर चालू स्थितीत आहे. ती अट पूर्ण करायची तर त्याची नळी आणि सिलिंडर कायमचे निकामी करावे लागतील, आणि दीडशे वर्षं टिकलेली वस्तू आपल्या हाताने मोडण्यात मला काही अर्थ दिसत नाही. परवान्याशिवाय भारतात आयात केलीत तर विमानतळावरच अटकेची पाळी येऊ शकते, आणि त्रास वडिलांनाही होईल. आणखी एक लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष म्हणून एकदा भारतात स्थिरावली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परत बाहेर नेणं तुमच्या हातात राहत नाही. वडिलांना दाखवायचंच आहे तर त्यांना इकडे बोलवा. झ्योमर्डा तुमच्या येनाहून फार लांब नाही, एर्फुर्टच्या उत्तरेला आहे, आणि तिथल्या ड्रायझे-हाउसमध्ये या घराण्याच्या कामाचं संग्रहालय आहे. खरेदीच्या आधी तुम्ही स्वतःही तिथे जाऊन या. काचेमागे का होईना, खात्रीचं शस्त्र पाहिलेलं असलं की लिलावातलं संशयाचं लवकर कळतं.

बार काढण्याविषयी मी इतकं ठाम का बोललो, तेही सांगतो. सुई दारूच्या जाळात राहते, म्हणून ती ठिसूळ होते. मागे येणारा वायू बंदुकीत निदान बोल्टच्या लांबीपर्यंत दूर असतो, रिव्हॉल्व्हरमध्ये तो तुमच्या मुठीच्या अगदी वर असतो. सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असतेच, तिथूनही जाळ बाहेर येतो. दीडशे वर्षांच्या लोखंडात आत कुठे चीर गेली आहे हे बाहेरून दिसत नाही. लोकांनी ही पद्धत सोडली तीही याच कारणांनी. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचं रिमफायर, म्हणजे कडेत मसाला असलेल्या धातूच्या काडतुसाचं, छोटं रिव्हॉल्व्हर आलं, १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने लेफोशेचं पिनफायर स्वीकारलं. धातूचं काडतूस बार निघताना फुगून मागची बाजू स्वतःच बंद करतं, कागदाला ते जमत नाही. नुसता रिकामा चापही ओढू नका. सुईला समोर आधार मिळत नाही, सगळा धक्का तिच्या खांद्यावर येतो, आणि मूळची सुई अशीच तुटते.

आणि त्याहून आधीची गोष्ट: हे शस्त्र भरलेलं असू शकतं. पुढून भरायचं सिलिंडर, आत तळाशी दारू, वर गोळी, आणि कित्येक वर्षं कुणी उघडून पाहिलेलं नाही, असं घडतं. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते, आणि मसाल्याची टिकली गोळीच्या मागे सुईची वाट बघत असते. म्हणून अनोळखी नीडल-फायर हातात आलं की चापाला बोट लावायचं नाही. नळीचं तोंड कुणाकडेही नको. मग सिलिंडरच्या प्रत्येक घरात लाकडाची बारीक काडी हलकेच सोडून खोली मोजा आणि सिलिंडरच्या बाहेरच्या लांबीशी ताडून बघा. एखादं घर बाकीच्यांपेक्षा उथळ लागलं तर ठोकू नका, खरवडू नका, सरळ परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवा. लिलावघरातही हे विचारायला संकोच नको. जाणकार माणूस याबद्दल तुम्हाला मानच देईल.

पिस्तूल आधी की रिव्हॉल्व्हर, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर दोन्ही नाही असं आहे. पहिली वस्तू म्हणून एम/६२ ची, म्हणजे १८६२ च्या नमुन्याची, सुईची पायदळी बंदूक घ्या, किंवा ड्रायझेची सुईची शिकारी बंदूक. शिकारी बंदुकीत खालचा दांडा फिरवला की नळ्या बाजूला सरकतात, आणि ती यंत्रणा पाहण्यासारखी आहे. या दोन्ही जास्त संख्येने बनल्या, त्यांचे सुटे भाग मिळतात, त्यांच्यावर लिहिलं गेलंय भरपूर, आणि भाव अनेक विक्रींतून पडताळता येतात. सुई, स्प्रिंग, सुईचं घर हे सगळं मोठ्या मापात हाताळलं की रिव्हॉल्व्हरचं बारीक काम समजायला सोपं जातं. एका बाराची सुईची पिस्तुलं हा भाग त्याहून कठीण. ती कमी बनली, एकसारखी अशी फारशी मिळत नाहीत, आणि कापलेल्या बंदुकीतून केलेलं ‘पिस्तूल’ खपवायला तिथेच सर्वांत जास्त वाव आहे. बोल्टचं माप पिस्तुलाच्या मानाने अवजड वाटलं, किंवा मुठीचं लाकूड आणि चौकटीचं लोखंड यांचं वय वेगळं दिसलं, तर हात आखडता घ्या.

फेरब्लूइंग, म्हणजे लोखंडाला पुन्हा निळा रंग चढवलेला, ओळखायला कडा बघा. मूळच्या अष्टकोनी नळीच्या कडा बोटाला बोचतात. पॉलिश करून पुन्हा निळी केलेल्या नळीच्या कडा गोलावलेल्या असतात, अक्षरांचे काठ वितळल्यासारखे दिसतात, आणि स्क्रूच्या भोवती लोखंड बशीसारखं खोल गेलेलं असतं. निळ्या रंगाच्या खाली गंजाचे खड्डे असतील तर रंग नंतरचा, यात वादच नाही. मला विचाराल तर करडी पडलेली, डागाळलेली पण कुणी हात न लावलेली वस्तू मी चकचकीत वस्तूपेक्षा नेहमी वर ठेवतो.

घरी आणल्यावर फार काही करू नका. हात लावताना नायट्राइल मोजे घाला, कारण घामाच्या मिठाने बोटाचा ठसा लोखंडावर कायमचा उमटतो. नळीत आणि सिलिंडरच्या घरांत जुनी काजळी असेल तर ती हवेतलं पाणी ओढते, म्हणून ती मऊ कापडाने आणि तेलाने सावकाश काढा, तारेचा ब्रश नको. बाहेरून रेनेसान्स वॅक्स या जतनाच्या मेणाचा पातळ हात पुरतो. लाकडी मुठीला तेल पाजू नका, ते लाकडात मुरून काळे डाग पडतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा ओकच्या कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि ओकमधून आम्लाची वाफ सुटते. त्या वाफेने शिशाच्या जुन्या गोळ्यांवर पांढरी पूड धरलेली मी अनेक संग्रहांत पाहिली आहे. पत्र्याचं कपाट, आत आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, एवढं सांभाळा. सुईची स्प्रिंग नेहमी सैल स्थितीत असू द्या.

लिलावाच्या रकमेबद्दल एकच सूचना. कॅटलॉगमधला अंदाज म्हणजे देणं नव्हे. पडलेल्या बोलीवर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो, तो टक्का अटींमध्ये छापलेला असतो, तो धरून तुमची वरची मर्यादा आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. भाव ताडताना दुकानदाराच्या यादीतल्या मागणीच्या किमती बघू नका, मागच्या लिलावांत प्रत्यक्ष पडलेल्या बोली बघा, आणि त्यांतही सुई व आतला भाग पूर्ण असलेल्या वस्तूंच्याच.

आता लगेच करायचं काम: लिलावघराला आजच मेल लिहून स्थितीचा लेखी अहवाल मागवा. सिलिंडर काढून त्याच्या मागच्या तोंडाचा फोटो, बाहेर काढलेल्या सुईचा मोजपट्टीसह फोटो, सगळ्या क्रमांकांचे जवळून घेतलेले फोटो, आणि सहाही घरं रिकामी असल्याचं लेखी उत्तर, एवढं त्यात स्पष्ट मागा. सुईचा फोटो द्यायला ते तयार नसतील तर ही वस्तू सोडून द्या, पुढच्या हंगामात दुसरं येईल. फोटो आले की मला पाठवा, पाहण्याचा दिवस येण्याआधी मी क्रमांक आणि भोकं बघून काय वाटतं ते कळवतो.